पितळी कडं

नवाबसाहेब ग्लास हातात आला की आधी तो दिव्यासमोर धरत. आत काय ओतलं आहे हे ते नंतर बघत. आधी काच बघत. काचेवर धुकं दिसलं, तळाशी पांढुरका डाग दिसला, की ग्लास तसाच मेजावर ठेवत आणि तो कुणी आणला असं हळू आवाजात विचारत. आवाज चढवून विचारलं असतं तर नोकरमाणसं इतकी घाबरली नसती.

असं वागण्याला कारण होतं. नवाबसाहेबांचे चुलते एका दावतीत सरबताचा पेला रिकामा करून उठले आणि दिवस मावळायच्या आत गेले. कुणी म्हणालं हृदय, कुणी म्हणालं सरबत. जहागीर पुतण्याकडे आली आणि जहागिरीबरोबर भीतीही आली. तेव्हापासून गढूळ काच त्यांना सहन होत नसे.

हुसेनसागराच्या बाजूला असलेल्या गुलशन क्लबाचे ते सदर, म्हणजे अध्यक्ष होते. तिथला आबदार होता दाऊदमियाँ. पाणी, बर्फ, सोडा आणि दारू यांची सगळी व्यवस्था बघतो तो आबदार. ग्लास धुणं, पुसणं, भरणं, तबकातून पोचवणं, सगळं दाऊदमियाँच्या हातचं. त्यामुळे "कुणी आणला?" या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसे.

त्यातून दाऊदमियाँचं नशीब असं, की त्याच्या थोरल्या भावाची जमीन नवाबसाहेबांच्याच जहागिरीत होती आणि ती नुकतीच काढून घेतली गेली होती. दाऊदमियाँनं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पण ही गोष्ट नवाबसाहेबांना ठाऊक होती, आणि ती त्यांना ठाऊक आहे हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

एका संध्याकाळी पुन्हा डागाळलेला ग्लास आला. नवाबसाहेबांनी तो बाजूला सारला आणि नेहमीचा प्रश्न न विचारता दाऊदमियाँला जवळ बोलावलं.

"यापुढे माझ्या ग्लासात काही निघालं," ते म्हणाले, "तर मी तुला विचारणार नाही. कोतवालीतले लोक विचारतील."

हे ऐकायला शेजारी उभे होते अनंतराव परतूरकर, क्लबाचे नायब सेक्रेटरी. कोतवालीत गेलेला गरीब माणूस कसा परत येतो हे हैदराबादेत कुणाला सांगावं लागत नसे. दाऊदमियाँचा चेहरा त्यांनी पाहिला आणि त्याच वेळी मनाशी ठरवलं, की या क्लबातल्या काचेवर पुन्हा डाग दिसू द्यायचा नाही.

अनंतराव काचीगुड्याला राहत. घराणं जुनं, आजोबांपासून सरकारी नोकरीतलं. स्वतः अनंतरावांनी कोठी भागातल्या एका शाळेत बरीच वर्षं शास्त्र शिकवलं होतं आणि नंतर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायला म्हणून ते क्लबात आले होते. सोवळंओवळं पाळणारा माणूस दारूच्या क्लबात काय करतो, असं नातेवाईक कुजबुजत. अनंतराव त्यांच्याशी वाद घालत नसत. ते क्लबात काही खात नसत, काही पीत नसत. तहान लागली तर घरून आणलेला तांब्याचा गडू होता. मान मागे टाकून, गडू उंच धरून, ते पाण्याची धार तोंडात सोडत. भांड्याला ओठ लावून पिणं त्यांच्या घरात लहान पोरांनासुद्धा माफ नव्हतं.

मास्तरकीची सवय मात्र गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दाऊदमियाँला मोरीपाशी उभं करून एकेक गोष्ट समजावली. विहिरीचं पाणी जड आहे, त्यातला चुना काचेवर वाळतो आणि पांढरा पडतो. ज्या फडक्यानं तू ग्लास पुसतोस त्याच फडक्यानं मघाशी कबाबाची बशी पुसली होती, तेव्हा चरबी काचेवर गेली. चरबी बसलेल्या ग्लासात पाणी ओतलं की ते सरळ उतरत नाही, थेंबाथेंबांनी अडकतं. स्वच्छ काचेवरून पाणी पडद्यासारखं सरकतं. हे सगळं त्यांनी करूनही दाखवलं. दाऊदमियाँनं ऐकलं, मान डोलावली आणि आपले दोन्ही हात पुढे केले. सोड्याच्या पाण्यानं बोटं उकलली होती, नखांच्या कडेनं मांस दिसत होतं. सोडा आणखी कडक केला तर हे हात टिकणार नव्हते.

तेव्हा अनंतरावांच्या मनात यंत्राचा विचार आला.

सिकंदराबादच्या एका एजंटानं दोन यंत्रं आणून क्लबात मांडली. पहिलं म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली मोठी पेटी. तिच्यात जाळीवर ग्लास उपडे ठेवायचे आणि खालून उकळत्या पाण्याचे फवारे सोडायचे. धुणं चांगलं, पण त्याला बंब लागे, बंबाला कोळसा लागे, आणि ग्लास इतके तापून निघत की ते निवेपर्यंत थांबावं लागे. तापलेल्या काचेत बर्फ पडला की काच तडकते, हे अनंतरावांना शाळेपासून माहीत होतं. संध्याकाळी गर्दीच्या वेळी ग्लास निवायची वाट कोण बघणार?

दुसरं यंत्र विजेवर चालणारं होतं. टाकीच्या मधोमध उभा ब्रश, तो गरगर फिरे. ग्लास उपडा करून त्या ब्रशावर दाबायचा. ग्लासाचा काठ खाली एका पितळी कड्यावर टेके. कड्यावर रबराची जाड पट्टी बसवलेली होती. ब्रश आतून घासे, बाजूनं सोड्याचं कोमट पाणी उडे, मग शेजारच्या नळावर ग्लास विसळून जाळीवर निथळत ठेवायचा. फडकं लावायची गरजच नाही. आणि माणसाचा हात पाण्यात फारसा जातच नसे.

अनंतरावांनी ग्लास आतून पाहिले, तळ पाहिले, पाणी ओतून पडदा सरकतो का ते पाहिलं. ब्रशाचं यंत्र त्यांना पसंत पडलं. सर्वांत जास्त पसंत पडलं ते दाऊदमियाँला.

"हौ रावसाब, येच लेव," तो म्हणाला. "मेरे हातां बच जाएंगे."

यंत्र बसलं. पण थोड्याच दिवसांत अनंतरावांना एक गोष्ट खटकू लागली. ती रबराची पट्टी. दिवसभर माणसांच्या ओठांना लागलेले काठ तिच्यावर टेकत. विड्याचा लाल रंग तिच्यात मुरला होता, तिला आंबूस वास येऊ लागला होता, आणि हात लावला तर ती बुळबुळीत लागे. साऱ्या क्लबाचं उष्टं या एका पट्टीत साठतं आहे, असं त्यांना वाटे आणि अंगावर शहारा येई. रबराला राख चालत नाही, चिंच चालत नाही. पितळेचं तसं नाही. पितळ चिंचेनं घासलं की सोन्यासारखं निघतं. त्यांच्या घरात देवाची उपकरणी तशीच निघत.

पट्टी कशाला आहे असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. पाणी बाहेर उडू नये म्हणून असेल, असं स्वतःच उत्तर दिलं, आणि दाऊदमियाँला सांगून पट्टी काढून टाकली. यापुढे रोज सकाळी पितळी कडं चिंचेनं घासायचं, असं ठरलं.

वास गेला. ग्लास असे निघू लागले, की मेजावर ठेवलेला ग्लास भरलेला नसेल तर दिसायचासुद्धा नाही. नवाबसाहेबांनी एक ग्लास दिव्यासमोर धरला, सावकाश फिरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर कुणी फारसं न पाहिलेलं हसू आलं. अनंतरावांच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. दाऊदमियाँकडेही त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले. दाऊदमियाँला तेवढंच पुष्कळ झालं. बोटं भरून येऊ लागली होती.

नंतरच्या दिवसांत काही लहानसहान गोष्टी घडल्या. त्या त्या वेळी त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

अदालतीतले एक वकीलसाहेब पत्ते खेळता खेळता ओठाला रुमाल लावून बसले होते. विड्यात चुना जास्त पडला, असं ते म्हणाले आणि पानवाल्याला शिव्या दिल्या. पुढच्या आठवड्यात आणखी कुणाची तरी जीभ चरचरली. त्यालाही चुनाच लागला असणार. हैदराबादेत जेवण झालं की विडा, गप्पा सुरू झाल्या की विडा. चुन्यानं तोंड भाजणं ही काही सांगत सुटण्यासारखी गोष्ट नव्हती. पानवाला बिचारा शपथा घेऊन सांगे की चुना तोच आहे, हात तोच आहे.

एकदा सकाळी टाकी रिकामी करताना दाऊदमियाँनं अनंतरावांना हाक मारली. टाकीच्या तळाशी काहीतरी बारीक चमकत होतं. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली तेवढ्यापुरतंच दिसे, ऊन सरकलं की नाहीसं होई. अनंतराव वाकून बघत राहिले. सोडा पुरता विरघळलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. आधी गरम पाण्यात विरघळव आणि मग टाकीत ओत. कडक सोडा पडतो आहे म्हणूनच तर ग्लास असे लखलखतात, असंही ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं. दाऊदमियाँनं तळ हातानं चोळून धुतला. हात बाहेर काढला तेव्हा बोटाला रक्त होतं. उकललेली बोटं त्याची, जुनीच जखम उघडली असेल असं दोघांनाही वाटलं.

मग ती दावत आली. मुंबईहून कुणी मोठे पाहुणे आले होते. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या, सूर्य हुसेनसागराच्या पलीकडे टेकला होता आणि मेजावरच्या प्रत्येक ग्लासात एकेक लाल ठिणगी दिसत होती. दाऊदमियाँ तबक घेऊन आला. नवाबसाहेबांनी ग्लास उचलला, मावळतीकडे धरून पाहिला, समाधानानं ओठाला लावला आणि पाहुण्यांशी बोलता बोलता घोट घेतला.

ते बोलायचे थांबले.

पाहुणे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. नवाबसाहेबांनी रुमाल काढला, तोंडाशी नेला आणि त्यात काहीतरी हळूच काढून ठेवलं. रुमालावर लाल ठिपका उमटला आणि पसरला. मधोमध काचेची एक चंद्रकोर होती, कापलेल्या नखाएवढी. खालचा ओठ चिरला होता.

आरडाओरडा झालाच नाही. नवाबसाहेबांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि पाहुण्यांची माफी मागितली. मग त्यांनी मान वळवून दाऊदमियाँकडे पाहिलं. काचेची पूड घालून माणूस मारायच्या गोष्टी त्या शहरात लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेल्या. भावाच्या जमिनीची गोष्टही सगळ्यांना ठाऊक. दाऊदमियाँच्या आसपास उभी असलेली माणसं एकेक पाऊल मागे सरली.

कोतवालीचा अमीन म्हणजे फौजदार दोन शिपाई घेऊन आला. दाऊदमियाँनं तबक मेजावर ठेवलं आणि अनंतरावांकडे पाहिलं.

"रावसाब, आप तो जानते," तो म्हणाला. "मैं फडकाबी नई लगाया."

ते खरं होतं. अनंतरावांनी ते सांगितलंही. अमीननं ऐकून घेतलं आणि दाऊदमियाँचा दंड धरला.

त्या रात्री अनंतरावांना झोप लागली नाही. सकाळी नेहमीपेक्षा लवकर ते क्लबात आले आणि सरळ मोरीच्या खोलीत गेले. जाळीवर ग्लास ओळीनं उपडे होते. त्यांनी एकेक उचलून उजेडात धरला. तळ स्वच्छ. आत स्वच्छ. पाणी ओतलं तर पडद्यासारखं सरकलं. कुठंही काही नव्हतं. मग काच आली कुठून? आणि ती यंत्रातून आली नसेल, तर दाऊदमियाँच्याच हातून आली असं म्हणायला हवं होतं.

बराच वेळ ते तिथं उभे होते. हातात एक ग्लास होता. आपण याच्यात काय शोधतो आहोत, असं त्यांच्या मनात आलं. पिणारा माणूस ग्लास घेऊन काय करतो? तो काही तळाला डोळा लावून बसत नाही. तो ग्लास उचलतो आणि ओठाला लावतो. अनंतरावांनी उभ्या जन्मात ते केलं नव्हतं. त्यांच्या लेखी भांडं म्हणजे पोट आणि तळ. काठ म्हणजे नुसती पाणी पडायची जागा. त्या जागेकडे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

दार लोटलेलं आहे का ते त्यांनी वळून पाहिलं. मग डोळे मिटले आणि तो रिकामा ग्लास, ज्याला किती जणांचे ओठ लागले होते देव जाणे, स्वतःच्या ओठाला लावला. काही झालं नाही. त्यांनी तो सावकाश फिरवला. काच गुळगुळीत, गार. त्यांनी दुसरा घेतला. तिसऱ्याला काठावर बारीकशी खरखर जाणवली, आणि पुढच्याच क्षणी तोंडात खारट चव आली.

त्यांनी ग्लास तिरपा करून पाहिला. नजरेला तरीही काही दिसेना. बोट फिरवलं तेव्हा नखाला खाच लागली.

मग त्यांना सगळं दिसू लागलं. वकीलसाहेबांचा रुमाल. पानवाल्याच्या शपथा. टाकीच्या तळाशी उन्हात चमकणारा सोडा, जो सोडा नव्हताच. यंत्राच्या उघड्या पितळी कड्यावर रोज सकाळी चिंचेनं आलेली झळाळी. त्या कड्यावर काच दाबली जात होती आणि आत ब्रश गरगर फिरत होता; काठाचा टवका कधी टाकीत पडे, कधी ओठ लागेपर्यंत काठालाच चिकटून राही. मध्ये मऊ असं काही उरलं नव्हतं, कारण ते मऊ अनंतरावांनीच काढून फेकलं होतं.

त्यांनी कडं सोडवून घेतलं, काही ग्लास कापडात गुंडाळले आणि टांगा करून नवाबसाहेबांच्या ड्योढीवर, म्हणजे वाड्यावर, गेले.

नवाबसाहेब आतल्या दिवाणखान्यात बसले होते. खालचा ओठ सुजून जांभळा झाला होता. अनंतरावांच्या ओठाकडे त्यांनी पाहिलं, पण विचारलं काही नाही. अनंतरावांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. वर्गात धडा समजावत तसं, टप्प्याटप्प्यानं. पट्टी कशाची होती, ती का काढली, कुणी काढायला सांगितली.

"यंत्राला माझ्याशी वैर असायचं कारण नाही," नवाबसाहेब म्हणाले. "माणसाला असतं."

"हुजूर, करून दाखवतो."

त्यांनी गालिच्यावर काळं कापड अंथरलं, मध्ये कडं ठेवलं, त्यावर ग्लास उपडा करून दाबला आणि फिरवला. करकर आवाज झाला. कापडावर काही पडलं नाही. दुसरा ग्लास घेतला. काही नाही. अनंतरावांच्या कपाळावर घाम आला. प्रत्येक ग्लास काही टवका सोडत नव्हता. सोडत असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ते एकामागून एक ग्लास घेत राहिले. नवाबसाहेब न हलता बघत होते. दारात उभा असलेला पहारेकरीसुद्धा बघत होता. हाताखाली आता काही निघालं नाही तर दाऊदमियाँ गेला, एवढं एकच अनंतरावांच्या डोक्यात होतं, आणि ते आणखी जोर लावत होते.

शेवटी टिक असा आवाज झाला, नखानं नख उडवल्यासारखा. काळ्या कापडावर एक चंद्रकोर पडली होती.

नवाबसाहेब खाली वाकले. खिशातला रुमाल काढून त्यांनी कापडाशेजारी उलगडला. दोन्ही तुकडे एकाच सोनारानं घडवल्यासारखे होते.

"तुम्ही जाणूनबुजून केलंत?"

"नाही, हुजूर."

"दाऊदही नाहीच म्हणतो." त्यांनी रुमाल मिटला. "माझे चुलते गेले, तेव्हाही सगळे नाहीच म्हणाले होते. एकानंही हो म्हटलं असतं तर मला बरं झोपता आलं असतं."

अनंतरावांनी कडं उचलून बाजूला ठेवलं.

मग नवाबसाहेब म्हणाले की दाऊद सुटेल. यंत्र मात्र आता चालणार नाही. आणि त्यांचा ग्लास यापुढे ज्यानं पट्टी काढायला सांगितली त्याच माणसानं धुवायचा. रोज संध्याकाळी, स्वतःच्या हातानं, आणि स्वतःच आणून द्यायचा. हे मान्य असेल तर अमीनला आत्ताच निरोप जाईल.

"आणि मान्य नसेल तर?" अनंतरावांनी विचारलं.

"तर दाऊद नाही म्हणतो आहे, आणि तुम्हीही नाही म्हणता आहात. कोतवालीत जागा पुष्कळ आहे."

अनंतरावांनी मान्य केलं.

घरी आल्यावर त्यांनी पत्नीला, सुशीलाबाईंना, सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. यजमान दुसऱ्याचं उष्टं धुणार, तेही दारूचं, हे ऐकून त्यांचा हात थांबला.

"अहो, नोकरी सोडा," त्या म्हणाल्या. "आपलं काही अडणार नाही."

"आज सोडली तर दाऊद पुन्हा आत जाईल. मागोमाग मी जाईन."

"मग आंघोळ करून घरात येत चला," सुशीलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी खाली मान घालूनच विचारलं, "त्यांना पुन्हा काही झालं तर?"

अनंतरावांनी पगडी खुंटीला अडकवली आणि ते हातपाय धुवायला मागे गेले.

दाऊदमियाँ सुटून आला तो आपलं सामान न्यायला. अंगावर जखम दिसत नव्हती, पण तो चालत होता म्हाताऱ्या माणसासारखा. मोरीच्या खोलीत त्यानं पाऊल टाकलं नाही; दाराबाहेरच उभा राहिला. करनूलकडे बायकोच्या माहेरी जातो, म्हणाला. अनंतरावांनी त्याची माफी मागितली. पट्टीची सगळी गोष्ट सांगितली आणि हात जोडले. दाऊदमियाँनं ते ऐकलं. त्याची नजर जमिनीवरून वर आली नाही.

"रावसाब," तो म्हणाला, "उनो एकीच बात पूछते रहे. किसने बोला, किसने बोला. मैं बहुत देर चुप रहा. फिर मैं आपका नाम ले लिया."

दुपारची वेळ होती, बाहेर माळी हिरवळीवर पाणी शिंपडत होता.

"कधी?"

"पहलीच रात कू."

म्हणजे अनंतराव ड्योढीवर गेले त्याच्या आधी. काळं कापड अंथरून ते काच फिरवत होते, घाम गाळत होते, तेव्हा नवाबसाहेबांना हे ठाऊक होतं. कोतवालीत त्यांचं नाव लिहून झालेलं होतं. पुढे केव्हा काही झालं तर कुणाला काही विचारायचीही गरज पडणार नव्हती.

दाऊदमियाँ अजून उभा होता. आपल्याला काय म्हणतात याची तो वाट बघत होता.

"खोटं थोडंच बोललात," अनंतराव म्हणाले. "पट्टी मीच काढायला सांगितली होती. जा, गाडी चुकेल."

दाऊदमियाँनं सलाम केला आणि वळकटी उचलून फाटकाकडे गेला. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी अनंतरावांनी धोतराचा काष्टा कसला आणि मोरीपाशी बसून नवाबसाहेबांचा ग्लास हातात घेतला. सोडा वेगळ्या भांड्यात विरघळवला. आतून धुतलं, बाहेरून धुतलं, आणि मग अंगठा आणि बोट यांच्यात काठ धरून तो सगळीकडून फिरवला, पुन्हा उलटा फिरवला. काहीच लागलं नाही. तरी त्यांनी आणखी एकदा फिरवला. गार पाण्यानं विसळून तो निथळू दिला. सोड्यानं हातांची आग होत होती.

मेजापाशी नवाबसाहेब एकटेच बसले होते. ओठावरची सूज उतरली होती, बारीक रेघ राहिली होती. अनंतरावांनी तबक पुढे केलं. नवाबसाहेबांनी ग्लास घेतला आणि त्यांना बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही.

"काही सांगायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही, हुजूर."

नवाबसाहेबांनी मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ग्लास ओठाला लावला. पिताना त्यांचे डोळे काचेच्या काठावरून अनंतरावांवर खिळलेले होते. अनंतराव मात्र त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ते त्यांच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली उतरला. नवाबसाहेबांनी दुसरा घेतला, आणि अनंतराव तबक छातीशी धरून ग्लास रिकामा होईपर्यंत तसेच उभे राहिले.